मदत हवी आहे: पायली, शेर, मापटं, चिपटं कप आणि ग्रॅममध्ये कसं बसवायचं?

वेण्णा:
मंडळी, दिवाळी तोंडावर आलीये आणि मी एका वहीपाशी अडून बसलेय. वही सासूबाईंच्या आईची, साताऱ्याकडची. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर अजून लख्ख वाचता येतं. अडचण मापांची आहे. आम्ही मेलबर्नला राहतो. माझ्याकडे २५० मिलीचा कप, इथल्या दुकानातून आणलेला चमच्यांचा संच आणि एक डिजिटल वजनकाटा, एवढीच आयुधं.

चकलीच्या भाजणीचं पान जसंच्या तसं उतरवते:

"तांदूळ पायली. हरभरा डाळ अधोली. उडीद डाळ शेर. मूग डाळ मापटे. धणे चिपटे. जिरे कोळवे. सर्व वेगवेगळे भाजावे, गार झाल्यावर दळावे. मोहन शेरास नवटाक तेल. मीठ, तिखट, तीळ, ओवा अदमासे."

अदमासे लिहिलेल्या गोष्टींचं मी बघून घेईन. बाकीच्यांचं काय? नेटवर शोधलं तर कुणी पायली म्हणजे चार किलो म्हणतं, कुणी छातीठोकपणे सात. तांदळाचे की ज्वारीचे, तेही कुणी सांगत नाही. शिवाय यातला शेर वजनाचा धरायचा की मापाचा? आणि नवटाक तेल म्हणजे नेमके किती चमचे?

आम्ही घरात चार माणसं. पायलीभर तांदळाची भाजणी करून ठेवू कुठे? चार कप तांदळाचा हिशोब मिळाला तरी भरून पावले.

सुगरणकाकू:
अगं, लिटरच्या मागे कशाला लागतेस! तुझी वही फार शहाणी आहे. पायलीच्या निम्मी अधोली, अधोलीच्या निम्मा शेर, शेराच्या निम्मं मापटं, मापट्याच्या निम्मं चिपटं, चिपट्याच्या निम्मं कोळवं. कोळव्याच्या खाली निळवंही होतं, ते तुला लागत नाही. म्हणजे त्या बाईंनी तांदळापासून जिऱ्यापर्यंत प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या निम्मा घेतलाय.

शेराच्या जागी तुझा कप ठेव. तांदूळ ४ कप, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धा, धणे पाव कप, जिरे पाव कपाच्या निम्मे. झालं. माझ्या आईचं वाटीचं प्रमाण याहून वेगळं नव्हतं, फक्त ती मूठभर पोहेही भाजून घालायची. चौघांना हेसुद्धा पुष्कळ होईल, पण भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात छान राहते.

कऱ्हाडी ठेचा:
काकूंचं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. शीग! आमच्याकडं धान्य मापताना मापाच्या काठावर जेवढी रास उभी राहील तेवढी राहू द्यायची, मगच ते माप धरायचं. सपाट हात फिरवून मापलं तर घेणारा तिथंच भांडायला उभा. आजोबा तर ओंजळ मागं घेताना सांडलेले दाणेसुद्धा गिऱ्हाइकाच्या पोत्यात ढकलायचे. त्यामुळं पायलीचे किलो विचारलेत तर दोन माणसं दोन आकडे सांगणार आणि दोघंही खरं बोलत असणार.

ताई, तुम्ही शीग लावू नका. सगळे जिन्नस सपाट मापा म्हणजे प्रमाण बिघडणार नाही.

दर्यावर्दी:
आणि पायलीसुद्धा तालुक्यागणिक बदलते. आमच्या कोकणात भात कुडव आणि खंडीत मोजायचे, आणि आमची पायली देशावरच्या पायलीशी जुळेल याची खात्री नाही. वही साताऱ्याची असेल तर साताऱ्याचंच माप शोधा. कुणाकडे तरी माळ्यावर पडलेलं असेल.

वेण्णा:
काकू, किती सोपं करून टाकलंत! हे निम्म्या-निम्म्याचं माझ्या ध्यानातच आलं नसतं.

दर्यावर्दी, तुमच्या सांगण्यावरून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. चिपटं निघालं! पितळी, एका बाजूला पोचा आलेला, सध्या त्यात देवाच्या वाती ठेवतात. त्यांनी ते घासून काठोकाठ पाण्याने भरलं आणि ते पाणी औषधाच्या मापाच्या पेल्याने मोजलं. सपाट २३० मिलीच्या आसपास भरलं. पोच्यामुळे थोडंफार कमीजास्त असेल. पण नवटाकाचं कोडं अजून सुटलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "आई डोळ्यांनी घालायची, मला काय विचारतेस."

मोजमाप:
आता मजा आहे. तुमचं चिपटं २३० मिली असेल तर शेर सुमारे ९२० मिली आणि पायली ३.७ लिटरच्या आत-बाहेर. कोरड्या तांदळाचं १ मिलीला साधारण ०.८ ग्रॅम धरा. म्हणजे त्या पायलीत सपाट मापाने तांदूळ तीन किलोच्या जवळ आणि शीग लावून त्याहून बरेच जास्त. नेटवरचे चार किलो इथून आले असावेत. सात किलोवाल्यांची पायली कुठली ते त्यांनाच विचारा.

आता नवटाक. हे वजनाचं माप, शेराचा आठवा भाग. अदपाव म्हणतात तेही तेवढंच. इंग्रजी अमदानीत ठरलेला पक्का शेर ८० तोळ्यांचा होता. तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणून शेर ९३३ ग्रॅम, पावशेर २३३, नवटाक ११७ आणि छटाक ५८. जुना मुंबई शेर मात्र फारच लहान होता. ४० शेरांचा मुंबई मण अवघा २८ पौंडांचा, म्हणजे एक शेर ३१८ ग्रॅमचा! १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आला, तेव्हा कुठे हा गोंधळ दुकानांतून हटला. वह्यांमधून तो कसा हटणार?

तुमचा खरा प्रश्न असा की "शेरास नवटाक" यातला शेर कुठला. दोन्ही करून बघू.

समजा पीठ मापी शेराने घेतलं. ९२० मिली भांड्यात हलक्या हाताने भरलेलं भाजणीचं पीठ ४६० ग्रॅम भरेल. त्यात ११७ ग्रॅम तेल म्हणजे पिठाचा चौथा हिस्सा मोहन. अशी चकली कढईत टाकल्यावर विरून तळाशी बसेल.

समजा पीठ वजनी शेराने घेतलं. मग पिठाच्या एक-अष्टमांश तेल. हे प्रमाण पटण्यासारखं आहे. आणि यात शेर ८० तोळ्यांचा असो की मुंबईचा, काही फरक पडत नाही, कारण नवटाकही त्याच शेराचा आठवा भाग.

तेव्हा धान्य मापी शेराने, मोहन वजनी शेराने. एकाच पानावर दोन्ही होते आणि लिहिणाऱ्या बाईंना त्यात काहीच गोंधळ नव्हता. धान्य घरच्या मापाने मोजायचं, तेल वाण्याकडून तोलून यायचं.

वेण्णा:
मोजमाप, साष्टांग नमस्कार. म्हणजे माझ्या एका कपात पीठ सव्वाशे ग्रॅम धरलं तर तेल साडेपंधरा ग्रॅम. तेल तर पाण्याहून हलकं, मग हे मिलीत किती? एक टेबलस्पून घातलं तर चालेल?

मोजमाप:
तेल १ मिलीला ०.९२ ग्रॅम, म्हणून १७ मिली. पण थांबा, तुम्ही मेलबर्नला आहात ना? चमचा उलटा करून त्यावर काय कोरलंय ते आधी बघा. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. अमेरिकेतला १४.८, म्हणजे १५ च म्हणा. तुमचा २० चा निघाला तर तो जरा उणा भरा, १५ चा असेल तर वर चहाच्या चमच्याचा निम्मा घाला. टीस्पून सगळीकडे ५ मिलीच, ती एक मेहेरबानी.

जिऱ्यालाही हेच लागू. काकूंनी सांगितलेला पाव कपाचा निम्मा म्हणजे ३१ मिली. १५ च्या चमच्याने दोन, तुमच्या २० च्या चमच्याने दीड.

वेण्णा:
बघितलं. २० कोरलंय!! इथे आल्यापासून भारतातल्या नि अमेरिकेतल्या पाककृती याच चमच्याने करतेय. केकमध्ये बेकिंग पावडर टीस्पूनने जाते म्हणून निभावलं बहुतेक.

पिठलंभात:
याच धाग्यात घुसतो, माफी असावी. माझ्याकडचा कप राइस कुकरबरोबर आलेला आहे. तो वापरला तर चालेल का? आणि आमच्या वहीत रव्याच्या लाडवाला "रवा शेर, साखर पाऊण शेर, तूप पावशेर" आहे. हे वाट्यांत घेऊ की वजनावर?

मोजमाप:
कुकरबरोबरचा कप बहुतेक १८० मिलीचा असतो, तो जपानी मापावरून आलाय. एका पदार्थाचे सगळे जिन्नस त्याच कपाने घेतलेत तर खुशाल वापरा. एखादा जिन्नस ग्रॅममध्ये आणि दुसरा त्या कपाने, असं मात्र करू नका. अमेरिकन कप सुमारे २४० चा, ऑस्ट्रेलियन २५० चा, म्हणून तिकडची पाककृती या कपाने केली तर पाव हिस्सा कमी भरणार.

लाडवाचं वजनानेच धरा असं माझं मत. तुमच्या पानावर तिन्ही जिन्नस शेर-पावशेरात आहेत, मापटं-चिपटं कुठेच नाही. साखर आणि तूप वाण्याकडून तोलूनच यायचं. वाटीने घेतलंत तर लाडू जास्त गोड आणि जास्त तुपकट होतील, कारण त्याच वाटीत साखर रव्याहून जड भरते. २५० मिलीच्या कपात रवा साधारण १७५ ग्रॅम बसतो, साखर २१० च्या आसपास. रवा ४०० ग्रॅम घ्या, साखर ३००, तूप १००.

सुगरणकाकू:
शंभर ग्रॅम तुपात चारशे ग्रॅम रवा भाजताना हात दुखतील, आच मंद ठेवा. पाकातले लाडू असतील तर एवढं तूप पुरतं. बिनपाकाचे असतील तर अजून लागेल, वहीत काही का लिहिलेलं असेना.

कऱ्हाडी ठेचा:
दोन चमचे दूध शिंपडा हो वळताना, वहीत नसलं तरी.

वेण्णा:
शेवटचं विचारते आणि भाजायला लागते. वहीत उकडीसाठी पाण्याचं माप कुठेच दिलेलं नाही. पीठ आणि पाणी समसमान असं सगळे सांगतात, पण पीठ दाबून भरलं तर कप वेगळा आणि चाळून भरलं तर वेगळा. वजन करू का?

सुगरणकाकू:
वजन नको करूस, इथे वाटीच बरी. पीठ डब्यातून चमच्याने कपात सोड, कप आपटू नकोस, वरून सुरी फिरव. तेवढंच पाणी दुसऱ्या भांड्यात मोजून घे आणि त्यातलं दोन-तीन चमचे बाजूला काढून ठेव. उरलेलं पाणी तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा घालून उकळ, गॅस बंद कर, पीठ टाकून हलव आणि अर्धा तास झाकून ठेव. मळताना पीठ कोरडं वाटलं तर बाजूला काढलेलं पाणी कोमट करून हाताला लाव.

सोऱ्यातून पडताना चकलीचे तुकडे पडले तर पाणी कमी आहे. काटे नीट उमटले पण तळल्यावर मऊ राहिली तर पाणी जास्त झालंय. पहिल्या घाण्यात दोनच चकल्या टाक, मोहन कमी की जास्त ते तिथेच कळेल.