पहिला गिअर लो करायचा की क्लच शिकायचा? हिमालयन ४११ च्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ च्या जागी १४ दात

माळरान_नान्नज
मे महिना आला की सोलापुरात दोनच विषय. पारा किती चढला आणि लडाखला कोण चाललंय. दुसऱ्याच्या पाठोपाठ हा प्रश्न येतोच, की सामान लादून, मागे माणूस बसवून घाटात गाडी उचलत नाही तर पहिला गिअर आणखी लो करून घ्यावा का?

माझं मत: घ्यावा. रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन ४११ ला चेनच्या स्प्रॉकेटांना (दातेरी चक्रांना) कंपनीकडून पुढे इंजिनकडे १५ आणि मागे चाकावर ३८ दात यायचे, म्हणजे ३८ भागिले १५, २.५३. पुढे १४ टाकलं की २.७१. चाकावर पोचणारा टॉर्क (फिरवणारा जोर) ७.१ टक्के वाढतो. इंजिन उघडायचं नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात लावायचा नाही, एक नट फिरवायचा. इतक्या स्वस्तात दुसरा कुठला बदल एवढं देत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी आकडे घेऊन यावं. 'कंपनीचे इंजिनिअर वेडे आहेत का' हे उत्तर चालणार नाही, कारण कंपन्याही हेच करतात. हिरोच्या एक्सपल्स २०० ला बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) आवृत्तीत मागचं स्प्रॉकेट ३९ वरून ४० झालं.

हायवे६५
घ्या आकडे. समजा पहिल्यात २००० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला २००० फेऱ्यांना) गाडी ताशी १२ किमी चालते. १४ दातांवर ती ११.२ चालेल. एवढ्या उठाठेवीनं पहिल्या गिअरमध्ये मिळाले ताशी ८०० मीटर! चालणाऱ्या माणसालाही तो फरक कळणार नाही.

आता दुसरं टोक बघा. ज्या वेगाला टॉप गिअरमध्ये ५००० आरपीएम लागायचे तिथे ५३५७ लागणार. आरपीएम ५००० वरच ठेवायचे असतील तर १०० ची गाडी ९३ वर आणावी लागेल. सोलापूर ते पुणे अडीचशे किमी सरळ रस्ता, वर ४२ अंश ऊन, इंजिन हवा-तेलावर थंड होणारं आणि पाचच गिअर. जिथे सहावा हवा होता तिथे तुम्ही पाचवाच छोटा करताय. त्रास एका गिअरचा आणि शिक्षा पाचही गिअरांना, हा कुठला न्याय?

तुळजापूरचा घाट म्हणाल, तर तो डांबरी आहे. तिथे तिसऱ्यातसुद्धा गाडी चढते.

दातमोज
हायवे६५, ८०० मीटरची चेष्टा करताना क्लच विसरलात. उभी गाडी सोडताना इंजिन आणि चाक यांच्या वेगातला फरक क्लच प्लेटा घासून भरून काढतात. सपाट रस्त्यावर इंजिन एका आरपीएमवर धरलं, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत प्लेटांत तयार होणारी उष्णता साधारण तेवढीच, जेवढी गाडीची त्या क्षणाची गतिज ऊर्जा. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. क्लच ९३ टक्के वेगावर पकडला तर ०.९३३ चा वर्ग, ०.८७. म्हणजे दर वेळी गाडी सोडताना १३ टक्के कमी उष्णता. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत पार्क चौकापासून पुढे सरकताना शंभर वेळा क्लच सुटतो, तिथे हे जमत जातं. चढावर फायदा याहून जास्त, कारण तिथे प्लेटा घासत राहण्याचा वेळही कमी होतो.

त्यामुळे ७ टक्के हा आकडा वेगात मोजू नका, प्लेटांच्या वासात मोजा.

काळीमाती_मंगळवेढा
दोघंही डांबरावरच भांडताय. जुलैत आमच्याकडच्या पाणंदीला या. काळ्या मातीत गाडी अडते ती टॉर्क कमी पडून नाही, चाक जागेवर फिरून. टॉर्क वाढवलात तर ते आणखी लवकर फिरेल. दोन मिनिटांत मडगार्ड आणि टायरमध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि पुढचं चाक घसरगुंडीसारखं सरकायला लागतं. तिथे उपाय वेगळे: पुढचं खालचं मडगार्ड काढायचं किंवा वर घ्यायचं, टायरची हवा थोडी कमी करायची, दुसरा गिअर, थ्रॉटल एकसारखा. पहिला गिअर चिखलात टाकायचाच नाही.

माळरान_नान्नज
काळीमाती, चिखलाचं मान्य. पण तुम्ही दुसरा गिअर म्हणालात ना, तो १४ दातांवर ७ टक्के खाली येतो. आज चिखलात दुसऱ्यात गाडी गचके खाते म्हणून लोक पहिल्यात येतात आणि चाक फिरवतात. दुसराच चालण्याजोगा झाला तर पहिल्याची गरजच कमी होते.

हायवे६५
पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं अंतर बहुतेक गाड्यांत दीडपटीच्या आसपास असतं. त्या ५० टक्क्यांच्या दरीत तुमचे ७ टक्के म्हणजे विहिरीत तांब्या. दुसरा गिअर पहिल्याची जागा घेत नाही, राव.

आणि ज्या लडाखच्या नावानं हे चाललंय त्याचाही हिशोब करू. 'खारदुंग ला' ही खिंड ५३५९ मीटर उंच. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ५८ टक्के. फ्युएल इंजेक्शन मिश्रण जुळवून घेतं, पण नसलेली हवा आणत नाही. २४.३ बीएचपीचं इंजिन तिथे १४ च्या आसपास येतं. तुमच्या स्प्रॉकेटनं चाकावरचा टॉर्क ५८ चा ६२ होतो. सोलापूरची उंची साडेचारशे मीटर, इथे बसून ते ४ मोठे वाटतात.

दातमोज
५८ चे ६२ हे चार 'नुसते' नाहीत हो. हेअरपिन वळणावर पुढचा ट्रक थांबला, मागे माणूस, दोन्ही बाजूंना पेट्या आणि गाडी उतारावर उलटी सरकू बघतेय. तिथे इंजिन बंद पडतं की सुटतं याचा फैसला तेवढ्यावरच होतो. कमी वाटत असतील तर पुढे १४ आणि मागे ४१ करा. २.९३, म्हणजे १५.६ टक्के. पण मग हायवे६५ यांचं हायवेचं रडणं खरं ठरेल, हेही लिहून ठेवतो.

दहाबाराचा_पाना
मतं पुष्कळ झाली, आता पुढे काय बिघडतं ते बघा. बहुतेक लोक फसतात ते इथेच.

पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन दात. १४/३८ आणि १५/४१ यांचा परिणाम सारखाच, पण गाडीवर ते सारखे बसत नाहीत. ५२० किंवा ५२५ मापाच्या चेनचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी. पुढे एक दात कमी केला की चेन अर्धा पिच सैल होते, म्हणजे चाक साधारण ४ मिमी मागे घ्यायचं. चेन ताणायच्या ॲडजस्टरच्या खुणा आधीच शेवटाला आल्या असतील तर जागा उरत नाही, एवढं बघून घ्या. मागे तीन दात वाढवले तर उलटं: चाक १२-१३ मिमी पुढे यायला हवं. तेवढी जागा नसली की दोन कड्या जास्तीची चेन लागते.

मग लोक मागचं का करतात? कारण पुढचं छोटं केल्याची किंमत चेन भरते. १५ दातांवर प्रत्येक कडी २४ अंश वळते, १४ वर २५.७. त्रिज्या अडीच मिमीनं कमी होते, त्यामुळे त्याच टॉर्कला चेनवर ताण ७ टक्के जास्त येतो. वरची चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीला तेवढीच जवळ येते. हजारेक किमीनंतर ती पट्टी बघा. चर पडलेला दिसला तर पट्टी बदला, नाहीतर पुढे ॲल्युमिनियम नाहीतर लोखंड खाल्लं जातं.

एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात. १५ दातांवर प्रत्येक दाताला आळीपाळीनं आतली आणि बाहेरची कडी मिळते, झीज वाटली जाते. १४ सम आहे, म्हणून तोच दात कायम त्याच जातीच्या कडीला भेटतो. स्प्रॉकेट लवकर ओरडतं ते यामुळेही.

बसवताना क्रम महत्त्वाचा. पुढचा नट सैल करायचा तो चेन ताणलेली असतानाच, पहिला गिअर टाकून आणि मागचा ब्रेक दाबून. चेन आधी काढलीत तर स्प्रॉकेट धरायला काही राहत नाही, मग लोक आत लोखंडी सळई अडकवतात आणि केसिंगला तडा जातो. काही गाड्यांत मोठा नट आणि वाकवलेलं लॉक वॉशर असतं, काहींत दोन बोल्टची पट्टी. वाकवलेलं वॉशर एकदाच वापरायचं. कव्हर काढल्यावर आतला तेल-मातीचा लगदा खरवडून आउटपुट शाफ्टचं ऑइल सील ओलं आहे का बघा. ओलं असेल तर ते आत्ताच बदला. नट आवळायचा टॉर्क मॅन्युअलमधला, अंदाजे पाना लटकवून नाही. चेनची ढील चाक फिरवत सगळ्यात घट्ट जागी मोजायची, मॅन्युअलच्या मापानं.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटानं मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. अशा चेनवर नवीन १४ चढवू नका, ती त्याला महिन्याभरात खाऊन टाकेल. पूर्ण सेटच बदला.

होटगीरोड_बॉक्सर
स्प्रॉकेटवाल्यांची चैन आहे. शाफ्ट ड्राइव्हच्या (चेनऐवजी दांड्यानं चाक फिरवणाऱ्या) गाडीला बदलायला स्प्रॉकेटच नाही. बीएमडब्ल्यूनं बॉक्सर (समोरासमोर आडव्या दोन सिलिंडरच्या) जीएसच्या ॲडव्हेंचर आवृत्तीला एके काळी लो पहिल्या गिअरचा पर्याय कारखान्यातूनच दिला होता. तो बुकिंग करतानाच निवडायचा. नंतर हवा म्हणाल तर गिअरबॉक्स खोला. बहुतेक मोटारसायकलींत पहिल्या गिअरचे दात इनपुट शाफ्टवरच कापलेले असतात, त्यामुळे गिअर बदलायचा म्हणजे शाफ्टच बदलायचा.

पण खरा लो पहिला गिअर म्हणतात तो हा. फक्त पहिला खाली येतो, टॉपला धक्का नाही. हायवे६५ यांच्या सगळ्या तक्रारी यात मिटतात. सेकंडहॅंड जीएस बघत असाल तर हा पर्याय आहे का ते आधी विचारा.

हायवे६५
मिटत नाहीत, एक नवी उभी राहते. फक्त पहिला खाली नेला की पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर वाढतं. चढावर पहिल्यात इंजिन ओरडतंय म्हणून दुसरा टाकला की आरपीएम इतके पडतात की पुन्हा पहिला. घाटात डावा पाय नाचत राहतो. स्प्रॉकेटमध्ये निदान सगळी उतरंड सारखी खाली येते, हे मात्र माळरान यांच्या बाजूनं लिहितो.

काळीमाती_मंगळवेढा
उतरताना काय? सैल खडीवर पहिला जितका लो तितकं इंजिन ब्रेकिंग जास्त. मागच्या ब्रेकवर पाय कमी, हे चांगलं. पण थ्रॉटल एकदम सोडला तर मागचं चाक ओढून घसरतं, आणि ते एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) हातात नाही. एबीएस ब्रेक सोडू शकतं, इंजिन नाही.

जाता जाता एक फुकटची युक्ती. मागचा १२०/९०-१७ टायर झिजलाच असेल आणि रिम परवानगी देत असेल तर १३०/८०-१७ चा व्यास ८ मिमी कमी आहे. सव्वा टक्का लो गिअरिंग खिशाला न लागता मिळतं.

माळरान_नान्नज
स्पीडोमीटरबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. सेन्सर चाकावर असेल तर काहीही बदलत नाही. गिअरबॉक्सच्या आउटपुटवर असेल तर काटा ७ टक्के जास्त दाखवेल, ओडोमीटरही. मग 'ॲव्हरेज वाढला' म्हणून पेढे वाटू नका.

हायवे६५
म्हणजे सोलापूर ते मनाली दोन हजार किमीच्या वर, ते सगळं १४ वर ओरडत जायचं?

दहाबाराचा_पाना
कशाला? मनालीपर्यंत १५ वरच जा. १४ चं स्प्रॉकेट, नवीन लॉक वॉशर, योग्य मापाचं सॉकेट आणि टॉर्क रेंच डिकीत. मनालीत तासाभराचं काम आहे, परतताना पुन्हा १५. चेन नवी असतानाच हे करा म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट तिच्याबरोबरच झिजतील. आणि निघण्याआधी ॲक्सलच्या मागे ४ मिमी शिल्लक आहेत का, ते इथेच बघा. मनालीत मापपट्टी लावून उपयोग नाही.

हायवे६५
हे चालेल. सोलापुरात मात्र १५ च.

माळरान_नान्नज
मागे माणूस बसत नसेल तर.