टीव्ही घ्यायचाय, शोरूममध्ये सगळेच भारी दिसतात, चित्र तपासायचं कसं?

मंडळी जरा मदत पाहिजे. आमचा ३२ इंची टीव्ही गेल्या आठवड्यात बसला, आवाज येतोय पण पडदा काळा, मेकॅनिकनं अंधारात पडद्यावर टॉर्च मारून दाखवली तर आत चित्र हलतंय अंधुक, म्हणाला बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात. तोपर्यंत आई मालिका रेडिओगत ऐकतीय.

दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा ५५ इंची फोर के घेऊ म्हटलं, सप्टेंबर २०२५ पासनं मोठ्या टीव्हींचा जीएसटी पण २८ चा १८ टक्के झालाय. रविवारी राजारामपुरीत तीन दुकानं फिरलो. भिंतीभर टीव्ही आणि सगळ्यांवर तेच, पोपट, फुलं, कापलेलं कलिंगड. त्यात काय कळणार कप्पाळ? केबलचा चॅनेल लावा म्हटलं तर डेमोच आहे सर म्हणे. शेवटी एकानं माझा पेनड्राइव्ह लावू दिला, त्यात आमच्या तालमीतला मोबाईलवर काढलेला व्हिडिओ होता. आता आखाड्यातली लाल माती मी रोज बघतो, ती एका टीव्हीवर चक्क शेंदरी आणि पोरं हळद लावून आल्यागत पिवळी! बघतो तर मोड विविड. रिमोट घेऊन सिनेमा मोड केला तेव्हा कुठं माती मातीसारखी दिसायला लागली, तर सेल्समन म्हणतोय असं डल कोण घेतंय सर.

ओएलईडी, म्हणजे ज्याचा ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो तो टीव्ही, बजेटच्या बाहेर. दोन उरलेत, एक आयपीएस पॅनेल, एक व्हीए (दोन्ही एलसीडी पडद्याचेच प्रकार), किंमत जवळपास सारखीच. हॉलला पश्चिमेची खिडकी, चार वाजल्यापासनं ऊन आत. सोफा समोर ८ फुटांवर पण आजीची खाट एका बाजूला, पार तिरकी. बघणार काय तर आईच्या मालिका साध्या एसडी (एचडी नसलेल्या) केबलवर आणि रात्री मी फुटबॉल. कुठला घेऊ, आणि परत जाईन तेव्हा नेमकं काय बघू?

प्रतिसाद १
भावा विविड काढलास तिथंच निम्मं काम झालं. ते दुकानातल्या ढणढणीत ट्यूबलाइटीसाठी असतंय, घरी डोळे दुखतील.
आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडातला फरक, साधारण १००० ला १, व्हीएचा ३००० च्या पुढं, त्यामुळं रात्रीच्या सीनमध्ये आयपीएसचा काळा राखाडी दिसतोय. पण व्हीए बाजूनं बघितला की रंग फिके पडतात. म्हणून अंधारातला सीन लावून आधी समोरनं बघ, मग आजीच्या खाटेच्या कोनात जाऊन उभा रहा.
दुसरं, सेट टॉप बॉक्स उचलून घेऊन जा, लाजू नको. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपके, फोर के ३८४० बाय २१६०, म्हणजे एका ठिपक्याचे टीव्हीनं वीस करायचे. कुठला टीव्ही हे बरं करतो ते मालिकेतल्या बाईच्या चेहऱ्यावर लगेच कळतंय, काही टीव्ही तोंडाला मेण फासल्यागत करतात.
मॅच लावलीस तर लांब पासच्या वेळी बॉलमागं शेपूट येतंय का बघ. आणि टीव्ही बंद करून पडद्यात स्वतःचं तोंड किती स्पष्ट दिसतंय ते पण, चारच्या उन्हात तेच नडणार.

धागाकर्ता
बॉक्सचं डोक्यातच आलं नव्हतं, शनिवारी नेतो. खाट हलवू का म्हणून आजीला विचारलं तर म्हणाली हलवायची नाही, आणि मला दिसतंय कुठं, मी नुसतं ऐकते. मग व्हीएच घेऊ ना?