युगाओच्या उशाशी आलेल्या बाईला चेहरा द्यायचा की नाही?

अर्धवटशाई: 'गेंजी मोनोगातारी' या मुरासाकी शिकिबूच्या जुन्या जपानी कादंबरीतल्या चौथ्या प्रकरणाची, म्हणजे 'युगाओ'ची, मांगा (जपानी चित्रकथा) काढतेय. निव्वळ हौस, 24 पानं. आठवडाभर सोळाव्या पानावर अडकलेय. नायक गेंजी आपल्या प्रेयसीला, युगाओला, एका ओसाड वाड्यात घेऊन येतो. रात्री त्याच्या स्वप्नात एक सुंदर बाई उशाशी येऊन बसते, मला विसरून असल्या साध्यासुध्या पोरीला घेऊन आलास म्हणून बोल लावते, आणि थोड्या वेळात युगाओ मेलेली असते. ही बाई कोण, ते मुरासाकी शिकिबूनं सांगितलेलंच नाही. रोकुजोवर, म्हणजे गेंजीच्या दुसऱ्या प्रेयसीवर, संशय जातो, कारण पुढे 'आओइ' प्रकरणात तिचाच जिवंतपणी भटकणारा आत्मा गेंजीच्या बायकोला, आओइला, धरतो. पण इथे नाव नाही! शब्दांत 'एक सुंदर बाई' म्हटलं की भागतं. चित्रात नाक-डोळे काढले की ती कुणीतरी ठरतेच. पाठमोरी काढून पाहिली, तर नुसता केसांचा ढीग दिसतोय.

जुनीगुंडाळी: बाराव्या शतकातली गेंजीची चित्रं पाहिलीत का? नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आणि तोक्योच्या गोतो संग्रहालयात त्यांचे उरलेले भाग आहेत. डोळा म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे छोटासा हूक. सगळे जवळपास सारखेच. घराचं छप्परच काढून टाकून वरून आत बघायचं. तुमचं ते एक पान तसं काढा, ती कोणीही असू शकेल.

तिसरीचौकट: पंधरा पानं मोठ्या डोळ्यांची आणि एकदम सोळावं तसं? वाचकाला वाटेल चित्रकार बदलला. यामातो वाकींनी गेंजीवरचीच मांगा 'आसाकी युमेमिशी' 1979 ते 1993 काढली, तीही शोजो (मुलींसाठीच्या मांगांच्या) वळणाचीच. मला वेगळंच विचारायचंय. गेंजीचा चेहरा कुठल्या पानावर आहे? तो युगाओकडे तोंड झाकून येत असतो, कोण ते सांगत नाही. चेहरा उघडतो तो त्या वाड्यातच.

अर्धवटशाई: पहिल्या. अर्धं पान. वर फुलांचा स्क्रीनटोनपण (चिकटवायची छापील नक्षी). 🙈

तिसरीचौकट: मग तिथेच घोळ आहे, ताई. गेंजी आधीच दिसला, तर युगाओला काय दिसत नव्हतं ते आम्हाला कसं कळणार? त्याला पंधरा पानं नुसत्या बाह्या आणि चालण्यावर काढा. मग सोळाव्यावर न दिसणारा चेहरा खटकणार नाही.

जुनीगुंडाळी: अंधारावर मात्र भागवू नका. गेंजीला जाग येते तेव्हा दिवा विझलेला असतो हे खरं, पण नंतर उजेड आणवल्यावर तीच बाई उशाशी क्षणभर दिसते आणि नाहीशी होते.

अर्धवटशाई: हे विसरलेच होते! उजेडातल्या त्या चौकटीत ती नकोच मग; गेंजीचे डोळे काढते, ती उभी असेल तिकडे वळलेले. म्हणजे त्याचा चेहरा आल्यावर लगेच त्याला काम मिळालं. आज पहिली पंधरा पानं खोडायला घेतेय. युगाओच्या घरून पांढरं फूल ठेवून आलेला तो सुगंधी पंखा तेवढा ठेवणार, त्याला तीन रात्री लागल्यात.