मॉन्टरेला देवमासे पाहायला जायचे आहे: एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारसाठी सल्ला हवा

सोनचाफा

नमस्कार. मी आणि माझे पती गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहायला आलो. दोघांच्या कामाच्या वेळा जुळत नसल्यामुळे इथे आल्यापासून एकत्र असा प्रवास झालेलाच नाही. एप्रिलअखेर आमच्या लग्नाला पाच वर्षे पूर्ण होतात, त्या निमित्ताने दोन दिवस मॉन्टरेला जाऊन बोटीतून देवमासे पाहावेत असे ठरवले आहे. लहानपणी शाळेच्या पुस्तकात निळ्या देवमाशाचे चित्र पाहिल्यापासून माझ्या मनात ही इच्छा आहे.

त्या दिवसांत देवमासे खरोखर दिसतात का, आणि दिसले तर कोणते? बोट सकाळची घ्यावी की दुपारची, मॉन्टरेच्या धक्क्यावरून निघावे की मॉस लँडिंगहून? माझ्या पतींना बोट लागते. अलिबागच्या लाँचमध्येसुद्धा त्यांना त्रास झाला होता, त्यामुळे तीन-चार तासांचा खुल्या समुद्रातील प्रवास त्यांना झेपेल का, ही मोठी काळजी आहे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही कोकणात डॉल्फिन पाहायला गेलो होतो. पाठीवरचा एक पर दिसताच पाच-सहा होड्या एकदम त्या दिशेने सुटल्या; डॉल्फिन बुडाले की वळसा, वर आले की पुन्हा पाठलाग. अर्ध्या तासाने आम्हीच नावाड्याला परत फिरण्याची विनंती केली आणि दोघेही काही न बोलता किनाऱ्यावर उतरलो. तसे पुन्हा होणार असेल, तर देवमासे न पाहिलेले चालतील. इथे काय पद्धत आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गलबत

सोनचाफा, आपण निवडलेला आठवडा चांगला आहे, आणि तो का चांगला आहे हे समजले तर बोटीवर नजर कुठे ठेवायची तेही समजेल. मी अकरा वर्षे या भागात राहतो आणि वर्षातून दोन-तीन वेळा तरी मॉन्टरेच्या उपसागरात जातो.

मॉस लँडिंगच्या किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर समुद्राखालची एक प्रचंड घळ सुरू होते आणि पश्चिमेकडे जाता जाता ३,६०० मीटरपर्यंत खोल होते. वसंतात वायव्येकडून वारे वाहू लागले की किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्या पाण्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर क्रिल आणि अँकोव्ही पोसतात (क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा), आणि त्यांच्यामागे देवमासे येतात. मुंबईसमोर समुद्रतळ दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत उथळच राहतो. इथे मात्र खोल समुद्रातले प्राणी धक्क्यापासून तासाभराच्या आत भेटतात, कारण खोल समुद्रच किनाऱ्याला येऊन टेकला आहे.

एप्रिलच्या अखेरीस दोन जातींची आशा धरावी. पहिली करड्या देवमाशांची. ते हिवाळ्यात मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाड्यांमध्ये पिल्लांना जन्म देतात आणि उन्हाळ्यात चरण्यासाठी बेरिंग आणि चुकची समुद्रांपर्यंत जातात. जाऊन-येऊन हा प्रवास सोळा ते वीस हजार किलोमीटरचा होतो. उत्तरेकडे परतताना एकटे प्राणी आधी पुढे जातात आणि पिल्ले असलेल्या माद्या सर्वांत शेवटी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, इथून जातात. दुसरी जात हंपबॅक देवमाशांची, जे याच सुमारास उपसागरात परतू लागतात आणि साधारण नोव्हेंबरपर्यंत राहतात. बुडी मारताना हंपबॅक शेपटी पूर्ण वर उचलतो. तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि अभ्यासक तिच्यावरूनच एकेक प्राणी ओळखतात. निळा देवमासा मात्र मुख्यतः जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतो. आपली जुनी इच्छा त्याचीच असेल, तर हे आधीच सांगितलेले बरे.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती कंपन्यांच्या जाहिरातीत वेगळ्या सुरात येते. करड्या माद्या पिल्लांना घेऊन किनाऱ्याच्या आधाराने जातात, पण या घळीपाशी पुष्कळदा त्यांना खोल पाणी ओलांडावे लागते आणि ऑर्का (म्हणजे ‘किलर व्हेल’, देवमाशांची शिकार करणारे मोठे डॉल्फिन) नेमके तिथेच वाट पाहतात. एप्रिल-मे हा त्या शिकारीचा काळ आहे. मी एकदा ती पाहिली आहे. आई पिल्लाला आपल्या पाठीवर उचलून घेण्याचा प्रयत्न करत होती आणि हे पुष्कळ वेळ चालले. बोटीवरचे काही लोक आनंदाने ओरडत होते, काही जण आत जाऊन बसले. ऑर्कांनाही पिल्ले आहेत, त्यांनाही जगायचे आहे, हे मला पटते. तरीही त्या रात्री झोप आली नाही. आपण दोघांनी याविषयी आधी बोलून घ्यावे.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९७२ पासून सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे. हा उपसागर १९९२ पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा भाग आहे. देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे नव्वद मीटर अंतर ठेवावे, त्याच्या वाटेत आडवे जाऊ नये, आई आणि पिल्लू यांच्यामध्ये शिरू नये, अशा सूचना आहेत. चांगला कप्तान बोट हळू करून प्राण्याच्या बाजूने समांतर नेतो आणि नंतर वाट पाहतो. सगळेच तसे करतात असे मी म्हणणार नाही; गर्दीच्या दिवशी एकाच देवमाशाभोवती चार बोटी मी पाहिल्या आहेत. म्हणून आरक्षण करताना फोनवर दोन प्रश्न विचारावेत: बोटीवर निसर्ग-अभ्यासक असतो का, आणि एका प्राण्याजवळ किती वेळ थांबता? ज्यांनी या गोष्टीचा विचार केलेला असतो, ते लगेच आणि नेमके उत्तर देतात.

बोट सकाळची घ्यावी. दुपारी वारा वाढतो आणि पाणी खवळते. मॉन्टरे आणि मॉस लँडिंग दोन्ही ठिकाणे चांगली आहेत. मुक्काम मॉन्टरेला असेल तर तिथूनच निघावे. देवमासा दिसेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. न दिसल्यास काही कंपन्या पुन्हा येण्याचे तिकीट देतात, तेही विचारून घ्यावे.

पारिजातक

गलबत यांनी समुद्राचे सांगितले, मी बोट लागण्याविषयी लिहिते, कारण आमच्या घरी तो त्रास मलाच आहे आणि मी तरीही सहा वेळा जाऊन आले आहे.

पहिल्या वेळी मी घाबरून उपाशीपोटी गेले आणि बरे वाटेल म्हणून आतल्या केबिनमध्ये बसले. या दोन्ही चुका होत्या. बंद जागेत डोळ्यांना सगळे स्थिर दिसते, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र हालचाल सांगत राहते, आणि या विसंगतीनेच मळमळ सुरू होते. म्हणून यजमानांना बाहेर, खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यापासून थोडे मागे उभे राहू द्यावे. तिथे हेलकावे सर्वांत कमी असतात. नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलच्या पडद्यात किंवा दुर्बिणीत फार वेळ पाहू नये. माझा दर वेळचा त्रास दुर्बिणीनेच सुरू झाला आहे.

निघण्यापूर्वी तासभर आधी कोरडे, हलके खावे. मी दोन टोस्ट आणि केळे खाते. औषधाच्या दुकानात मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. त्या बोट सुटण्याच्या किमान तासभर आधी घ्याव्या लागतात, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. त्यांनी झोप येते, म्हणून परतताना गाडी तुम्ही चालवा, आणि त्यांची इतर कोणती औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवाव्यात. त्यांनी मळमळ पूर्ण थांबते असे नाही, पण तोंडाला चव राहते आणि मनाला आधार वाटतो.

आदल्या रात्री हवामानाच्या अंदाजात लाटांची उंची पाहाल, तेव्हा दोन लाटांमधील सेकंदही पाहा. सहा फुटांची लाट चौदा सेकंदांनी येत असेल तर बोट सावकाश वर-खाली होते. तीच लाट सात सेकंदांनी आली तर माझ्यासारख्या व्यक्तीने त्या दिवशी किनाऱ्यावरच राहावे. कपडे मात्र जानेवारीत घालाल तसे घ्या. सॅन होजेला ऊन असले तरी त्या पाण्यावरचा वारा हाडांपर्यंत जातो.

डोंगरवाट

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण बोटीशिवाय देवमासे पाहता येत नाहीत असा समज होऊ नये, म्हणून लिहितो. एप्रिल-मेमध्ये पिल्ले असलेल्या करड्या माद्या ऑर्कांपासून लपण्यासाठी केल्प शेवाळाच्या कडेकडेने, किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात. पॅसिफिक ग्रोव्हमधील पॉइंट पिनोस येथे १८५५ पासून अखंड चालू असलेले दीपगृह आहे. त्याच्या समोरच्या खडकांवर किंवा दक्षिणेकडच्या पॉइंट लोबोस येथे शांतपणे दोन तास बसलात, तर फवारे दिसण्याची चांगली शक्यता असते. करड्या देवमाशाचा फवारा समोरून पाहिल्यास पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा दिसतो. तीन ते पाच फवारे थोड्या-थोड्या वेळाने, मग काही मिनिटांची बुडी, असा त्याचा क्रम असतो. तो एकदा लक्षात आला की पुढचा फवारा कुठे उठेल याचा अंदाज तुम्हीच करू लागाल. तिथे तुमच्या असण्याने त्या प्राण्याच्या वाटेत काहीही बदल होत नाही, आणि तुमच्या प्रश्नातला शेवटचा परिच्छेद वाचून मला वाटते की तुम्हाला हेच हवे असावे.

पॉइंट लोबोसला चिनी कोळ्यांनी १८५० च्या दशकात बांधलेले एक लहान घर अजून उभे आहे. त्याच्या बाहेर देवमाशांची हाडे आणि चरबी वितळवून तेल काढण्याच्या लोखंडी कढया ठेवल्या आहेत. त्या काळी शिकारी या करड्या माशाला सैतान म्हणत, कारण पिल्लावर भाला पडला की आई होडीवर चालून येत असे. माझ्या पत्नीने त्या कढईच्या काठाला हात लावला आणि लगेच मागे घेतला, ते मला अजून आठवते.

शिकार थांबल्यावर ही जात इतकी सावरली की १९९४ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून पूर्व प्रशांत महासागरातील करडे देवमासे काढण्यात आले. पॉइंट लोबोसच्या दक्षिणेस ग्रॅनाइट कॅन्यनच्या परिसरातून शास्त्रज्ञ १९६७ पासून त्यांची मोजणी करत आले आहेत. २०१६ मध्ये त्यांची संख्या सुमारे २७,००० होती. २०२५ मध्ये ती सुमारे १३,००० वर आली. उत्तरेकडील बर्फ कमी होऊन त्यांचे तळाचे खाद्य बदलत आहे आणि पुष्कळ प्राणी उपाशी अवस्थेत प्रवास करतात. शरीरातल्या साठ्यावर चाललेल्या, शिवाय पिल्लाला दूध पाजणाऱ्या आईला बोट चुकवण्यासाठी घ्यावा लागणारा प्रत्येक वळसा महाग पडतो. तेव्हा शनिवारी बोट आणि रविवारी खडक असा बेत करावा. पॉइंट लोबोसला सकाळी लवकर पोहोचा. उशीर झाला की गाडी ठेवायला जागा मिळत नाही.

सोनचाफा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही कालच परत आलो, म्हणून काय झाले ते कळवते.

तीन कंपन्यांना फोन केले. दोघांनी “भरपूर देवमासे दिसतात” एवढेच सांगितले; तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र, एका प्राण्याजवळ साधारण अर्धा तास थांबतो आणि आधीच दोन बोटी असतील तर पुढे निघून जातो, असे न विचारता सांगितले. तिथेच आरक्षण केले. लाट पाच फुटांची होती, बारा सेकंदांनी येणारी.

धक्क्यातून बाहेर पडल्यावर पाऊण तासाने निसर्ग-अभ्यासकाने “दोन वाजता” असे म्हटले (बोटीचे तोंड म्हणजे बारा, त्यावरून दिशा सांगतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते). कप्तानाने बोट थांबवली. दोन हंपबॅक होते. त्यांच्या मागे कोणीही धावले नाही. आम्ही सगळे गप्प उभे होतो, आणि श्वासाचा आवाज आधी ऐकू आला, मग वाऱ्याबरोबर कुजक्या माशांचा वास आला. तिसऱ्या बुडीच्या वेळी दोघांनीही शेपट्या उचलल्या. एकीची खालची बाजू जवळजवळ पांढरी होती. ऑर्का दिसले नाहीत. शिकारीविषयी आम्ही आदल्या रात्री बोललो होतो, आणि ती पाहावी लागली नाही याचे मला बरे वाटले, हे प्रामाणिकपणे लिहिते.

पारिजातक, यजमानांना परतीच्या वाटेवर एकदा उलटी झाली, पण ते शेवटपर्यंत डेकवरच उभे राहिले आणि सगळा आलेपाक त्यांनीच संपवला.

रविवारी सकाळी आम्ही पॉइंट पिनोसच्या खडकांवर थर्मासमधला चहा घेऊन बसलो. दीड तास काहीच दिसले नाही. मग त्यांनी माझा हात धरून केल्पच्या पलीकडे बोट दाखवले: एक मोठा फवारा, आणि त्याला लागूनच एक अगदी छोटा. डोंगरवाट यांनी सांगितलेल्या क्रमाने आम्ही मोजत राहिलो. आई चार मिनिटांनी वर येई, पिल्लू मात्र त्याआधीच. पाच वेळा ती दोघे आम्हाला सापडली. सहाव्या वेळी फार उत्तरेला, ऊन पडलेल्या पाण्यावर, एकच फवारा दिसला आणि तो कोणाचा होता ते ओळखता आले नाही.

निळ्या देवमाशासाठी ऑगस्टमध्ये पुन्हा जाणार आहोत. त्या वेळी धुके किती असते आणि सकाळच्या बोटी वेळेवर सुटतात का, हे गलबत यांनी सवडीने सांगावे.