तीन आठवडे थांबले असते तर काय बिघडलं असतं?

लिंकनवाला: नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्टला ११ सप्टेंबर २०२२ ला काढला, १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मोडल्याच्या भरपाईत दीड कोटी डॉलरऐवजी निम्म्यात सुटले असते ना? एवढी घाई कशाला?

ओमाहाची काकू: अरे, आदल्याच दिवशी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नसारख्या छोट्या टीमकडून ४५-४२ हरले, अजून किती बघायचं? १९६२ पासून स्टेडियम हाउसफुल करणारी माणसं आहेत ही, पैसे गेले खड्ड्यात!

जुना भिडू: मला तर डब्लिनची मॅच आठवली की अजून डोकं फिरतं, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ पुढे असताना फ्रॉस्टभाऊने ऑनसाइड किक (बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मुद्दाम मारलेली छोटी किक) मारायला लावली, बॉल त्यांनाच मिळाला आणि शेवटी ३१-२८ ने हरलो. कोणी सांगितलेला शहाणपणा?

लिंकनवाला: पण १९९७ च्या आपल्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) होता फ्रॉस्ट, घरचाच पोरगा...

जुना भिडू: म्हणूनच तर चार वर्षं गप्प बसलो. २०२१ मध्ये नऊ हरलो, नऊच्या नऊ दहापेक्षा कमी पॉइंटने. तोंडाशी आलेला घास दर शनिवारी. त्याच्या काळात एकूण १६ मॅच जिंकल्या, ३१ हरल्या.

ओमाहाची काकू: आमचे हे अजूनही टीमचा लाल टीशर्ट घालूनच बसतात टीव्हीसमोर 😄