मलमाला क्रीमचा न्याय नको
क्रीम-मलमातलं औषध एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजायचं तर आधी ते बाहेर कसं काढायचं, यावर इथल्या उत्तरांत 'मिथेनॉल घालून अर्धा तास सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी ढवळणारं उपकरण) लावा, गाळा, झालं' असं म्हटलंय, ते पाण्यात मिसळणाऱ्या क्रीमपुरतं खरं आहे. व्हॅसलिनच्या बेसचं मलम मात्र थंड सोनिकेटरमध्ये गोळा होऊन तळाशी बसतं आणि औषध त्या गोळ्यातच अडकतं. आधी साठ अंशांच्या वॉटर बाथवर ते पूर्ण वितळू द्या, जोरात हलवा, मग बर्फात ठेवा. चरबी गोठली की थंड असतानाच गाळा, पहिले चार-पाच मिली टाकून द्या.

पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: व्हॉल्यूम मेकअप, म्हणजे फ्लास्क खुणेपर्यंत मिथेनॉलने भरणं, कधी करायचं? रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरी करत असताना आमच्या क्लोबेटासोल या स्टेरॉइडच्या मलमाचा अ‍ॅसे (मोजलेलं औषधाचं प्रमाण) सतत दोन-अडीच टक्के कमी यायचा. कॉलम (घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी) बदलला, स्टँडर्ड (तुलनेसाठीचं माहीत ताकदीचं द्रावण) नव्याने केलं, पावसाळी दमटपणालाही शिव्या घालून झाल्या. निघालं काय, तर नवा मुलगा फ्लास्क बर्फातून काढून तसाच खुणेपर्यंत भरत होता. मिथेनॉल दर अंशाला ०.१ टक्क्याहून थोडं जास्तच फुगतं, म्हणजे थंडीत आकसलेलं मिथेनॉल जास्त मावून द्रावण पातळ व्हायचं; वीस अंशांच्या फरकात हिशोब लागला. खोलीच्या तापमानाला मेकअप करा, त्यानंतर बर्फ.

आणि इंजेक्ट करण्याआधी थोडं गाळलेलं द्रावण मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) मिसळून बघा. गढूळ झालं तर तेच उद्या कॉलममध्ये होणार, मग प्रेशर का चढलं म्हणून इंजिनिअरला फोन करू नका.