छोटी जागा म्हणजे तालमीची खोली नव्हे
"शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या जागेत हौशी मंडळी तालमी करतात, खरं नाटक मोठ्या थिएटरातच," असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठवा. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथे १९७४पासून प्रयोग सुरू केले. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे या मंडळींनी शाळेच्या हॉलातून प्रायोगिक नाटकांची अख्खी चळवळ उभी केली!

पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच हे छोटं नाट्यगृह घ्या. पुढे बसलं की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, श्वाससुद्धा ऐकू येतो. एकदा एक नवखी मुलगी वाक्य विसरली. घाबरली नाही, हातातली पितळी वाटी हळूच खाली ठेवली. तेवढ्या आवाजाने आम्ही सगळे सावरून बसलो, आणि तिला वाक्य आठवलं. मोठ्या थिएटरात ती वाटी तिसऱ्या रांगेलाही ऐकू गेली नसती.

शिवाय भाड्याचं बघा. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांनी मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरायचं कुठून? एकाच संहितेचे पाच-सहा प्रयोग केल्याशिवाय ती मुरत नाही, आणि ते परवडतं ते अशाच जागेत. अशा छोट्या जागेतल्या एखाद्या प्रयोगाला तिकीट काढून जरूर या, आणि पुढच्याच रांगेत बसा.